कोरोनातले दाखले : जिल्हा परिषदेची शाळा, खासगी शाळा आणि आपण

२०२१ च्या जून-जुलैमध्ये आम्ही काही कार्यकर्ते हिंगोली जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये फिरत होतो. रेशन आणि लस या दोन विषयांनंतर लोक एकच गोष्ट विचारत होते, "टी.सी. कशी काढायची?" मुलाचे नाव तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी शाळेत, शाळा मार्च २०२० पासून बंद, फी मात्र चालू. पुण्याहून परतलेल्या बापाला पुरेसे काम नाही. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घालायचे तर दाखला पाहिजे, आणि दाखला पाहिजे तर आधी थकलेली फी भरा.

सेनगाव तालुक्यातली एक शेतमजूर ताई आम्हाला म्हणाली होती, "भाऊ, शाळा माह्या घरात भरली. फोन माहा, रिचार्ज माहा, लेकराला घिऊन बसले बी मीच. मंग फीस कायची?"

या प्रश्नावर आम्ही तेव्हा हसलो. नंतर बरेच दिवस तो डोक्यातून गेला नाही. एका साध्या प्रश्नात तिने खासगी शाळेचा सगळा हिशेब मांडला होता. शाळा म्हणजे नेमके काय, तिचा खर्च कुणी करायचा आणि ती बंद पडली तर जबाबदार कोण, हे सगळे त्यात आले.

त्या काळात वर्तमानपत्रांत बातम्या येत होत्या की पालकांचा कल पुन्हा जिल्हा परिषदेच्या शाळांकडे वळला. काहींनी त्याला 'निवड' म्हटले, काहींनी 'नाइलाज'. आमचे म्हणणे असे की दोन्ही शब्द अपुरे आहेत. आपल्या समाजाला शाळा 'निवडायला' कधी मिळालीच नव्हती. शाळेचे दार उघडून घ्यायलाच आपल्या शंभर वर्षांच्या पिढ्या खर्ची पडल्या. तो इतिहास बाजूला ठेवून आज 'सरकारी चांगली की खासगी चांगली' हा वाद घातला तर आपण चुकीच्या ठिकाणी भांडत बसू. म्हणून आधी इतिहास पाहू आणि मग कोरोनाकडे येऊ.

धारवाडचा अर्ज

जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारी शाळेत प्रवेश हवा, फी भरायची तयारी आहे, तरी शाळा घेत नाही, अशी त्याची तक्रार होती. सरकारने उत्तर दिले ते आजही वाचण्यासारखे आहे. मुलाची बाजू न्यायाची आहे हे मान्य केले, पण एका मुलाला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडून जातील आणि शाळाच ओस पडेल, म्हणून प्रवेश देता येत नाही असे सांगितले. न्याय तुझ्या बाजूला, शाळा त्यांच्या बाजूला!

हे प्रकरण वरपर्यंत गेले. १८५८ मध्ये मुंबई सरकारने धोरण जाहीर केले. त्याचे दोन भाग होते. ज्या शाळा संपूर्णपणे सरकारच्या खर्चाने चालतात, त्या सर्व प्रजेला भेदभावाशिवाय खुल्या राहतील. ज्या शाळांच्या खर्चात गावातले देणगीदार वाटा उचलतात आणि ज्यांचा अस्पृश्य मुलांना विरोध आहे, तिथे सरकार मुले घालण्याचा आग्रह धरणार नाही. अशा शाळेचे अनुदान नाकारण्याचा अधिकार मात्र सरकारने स्वतःकडे राखून ठेवला.

आपण यातून काय घ्यायचे? ज्या शाळेचा पैसा पूर्णपणे सार्वजनिक, तिथेच आपल्याला हक्काने पाय ठेवता येत होता. ज्या शाळेत खासगी पैसा होता, तिथे पैसा देणाऱ्याच्या मर्जीला मान होता. १८५८ सालीच ही रेषा आखली गेली. बाबासाहेबांनी मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला निवेदन दिले, त्यात हे धारवाड प्रकरण सविस्तर मांडले आहे. सत्तर वर्षांपूर्वीचा एका अनामिक मुलाचा अर्ज बाबासाहेबांना इतका महत्त्वाचा का वाटला असेल, याचा विचार प्रत्येक कार्यकर्त्याने करावा.

अर्थात कागदावर दार उघडले म्हणून वर्गात जागा मिळाली असे झाले नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीवाचे नाव दाखल झाले, तेव्हाही त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले आणि पाण्याच्या भांड्याला हात लावता आला नाही. पुढे मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल, तेही सरकारीच. अपमान दोन्हीकडे होता. तरीही नाव हजेरीपटावर होते आणि ते कुणी खोडू शकत नव्हते, कारण ती शाळा कुणाच्या मालकीची नव्हती.

फुले, शाहू, बाबासाहेब : पैसा कुणाचा?

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. त्यातला मुद्दा सरळ होता. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या आणि कष्टकऱ्याच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. ज्यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात स्वतः शाळा काढली, ते जोतीराव चौतीस वर्षांनी सरकारला सांगत होते की ही जबाबदारी तुमची आहे. स्वतः शाळा चालवून पाहिलेल्या माणसाने हे सांगितले, म्हणून त्याला वजन आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. वेगळी शाळा, मग ती कितीही चांगली असो, शेवटी वेगळेपणच शिकवते हे महाराजांना कळले होते.

मग १२ मार्च १९२७. मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर चर्चा चालू होती. बाबासाहेब काही दिवसांपूर्वीच सदस्य झाले होते आणि महाडचा सत्याग्रह आठच दिवसांवर आला होता. त्या भाषणात त्यांनी एक आकडा मांडला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी २ रुपयांहून जास्त वसूल करते, हेही त्यांनी दाखवून दिले. शाळा-महाविद्यालयांच्या खर्चाचा मोठा हिस्सा विद्यार्थ्यांच्या फीमधून काढला जातो, याला त्यांनी शिक्षणाचा व्यापार म्हटले. शिक्षण सर्वांच्या आवाक्यात आले पाहिजे आणि खालच्या वर्गांसाठी ते जितके स्वस्त करता येईल तितके केले पाहिजे, अशी त्यांची मागणी होती.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण भिंतीवर लिहितो. पण शिकण्याचा पैसा कुठून यावा याविषयी बाबासाहेब काय म्हणाले, ते आपण फारसे वाचत नाही. त्यांच्या लेखी शिक्षण ही आईबापाच्या खिशावर सोडायची गोष्ट नव्हती.

निजामी मुलखातली मुले

हे सगळे मुंबई इलाख्यात आणि कोल्हापुरात. आपला हिंगोली भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होता. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जन्टची छावणी होती, गावांत मात्र शाळांचा दुष्काळ होता. वरचे शिक्षण उर्दूत आणि विद्यापीठ हैदराबादला. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाची शिडी चार इयत्तांनंतर संपायची. महारवाड्यातल्या मुलाच्या हाती ती शिडी आलीच नाही. इथल्या आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीला सही येत नव्हती, याचे कारण त्यांच्या 'अज्ञानात' शोधू नका, त्या राजवटीच्या अंदाजपत्रकात शोधा.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे बाबासाहेबांनी १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय चालू असताना त्यांनी मुद्दाम मराठवाडा निवडला. परभणी, नांदेड, बीडकडची मुले पत्र्याची पेटी घेऊन तिथे गेली. त्यांतून शिक्षक, वकील, लेखक, कार्यकर्ते घडले.

इथे कुणी म्हणेल, "मिलिंद ही खासगी संस्थाच होती की!" आम्ही हा प्रश्न टाळणार नाही. संस्था नोंदणीकृत होती, पण ती नफ्यासाठी नव्हती. सरकारने ज्यांना सोडून दिले होते त्यांच्यासाठी ती होती, आणि तिथे येणाऱ्या मुलाची ऐपत पाहून दार उघडत-बंद होत नव्हते. आज कोपऱ्याकोपऱ्यावरच्या शाळांशी तिची तुलना करणे हा तिचा अपमान आहे.

१ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. मराठवाड्यातल्या गावागावांत शाळा पोचली ती त्यानंतर. अनेक बौद्ध कुटुंबांत पहिला पगार आला तो याच शाळेतल्या गुरुजींचा. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर परभणी-नांदेडच्या गावांत आपली घरे पेटवली गेली, तेव्हाही राग कशाचा होता? सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या विद्यापीठाला आमच्या बापाचे नाव लागणार, याचा. सार्वजनिक शिक्षणसंस्था कुणाची, या प्रश्नावर आपण रक्त सांडले आहे. १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार त्यातून आला.

आपली माणसे खासगी शाळेकडे का गेली?

मग हीच माणसे जिल्हा परिषदेची शाळा सोडून का गेली? याचे उत्तर पालकांना दोष देऊन मिळणार नाही.

पहिले कारण इंग्रजी. ही हौस नाही. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचा पुरस्कार केला होता. रामजी सुभेदारांनी मुलाच्या इंग्रजीवर जातीने मेहनत घेतली. इंग्रजी आली म्हणून बाबासाहेब कोलंबियाला आणि लंडनला गेले, हे आपल्या प्रत्येक घरात सांगितले जाते. तेच घर आपल्या मुलीला इंग्रजी शाळेत घालते तेव्हा तिला 'बाजारू मानसिकता' म्हणणारे लोक कोण आहेत, ते पाहा. त्यांची स्वतःची मुले कोणत्या शाळेत आहेत, तेही पाहा.

दुसरे कारण सरकारचे वागणे. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, पण ती शिकवण्याची तयारी शिक्षकांना पुरेशी दिली नाही. २०१२ नंतर शिक्षकभरती वर्षानुवर्षे थांबली. दोन शिक्षक आणि चार वर्ग, त्यात जनगणना, निवडणूक आणि माहितीचे तक्ते. त्याच २०१२ मध्ये महाराष्ट्राने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा केला. म्हणजे सरकारी शाळेत माणसे भरायची नाहीत आणि खासगी शाळेला परवानगी द्यायची, हे दोन्ही एकाच वेळी घडले. तालुक्याच्या गावांत 'पब्लिक स्कूल' नावाच्या पाट्या लागल्या, आणि त्यात पब्लिकचे काहीच नव्हते. सकाळी पिवळी गाडी वस्तीवर यायला लागली. गाडीत बसणारे मूल आणि पायी जाणारे मूल, अशी वस्तीतच दोन गटांत विभागणी झाली.

तिसरे कारण आपले स्वतःचे आहे. वस्तीतला जो शिकला, नोकरीला लागला, त्याने सर्वांत आधी मुलाचे नाव काढले. शिक्षकाला जाब विचारू शकणारा, अर्ज लिहू शकणारा, ग्रामसभेत उभा राहणारा पालक शाळेतून गेला. मागे राहिले ऊसतोडीला जाणारे, वीटभट्टीवर जाणारे, हळदीच्या कामावर रोजाने जाणारे. त्यांची मुले शाळेत उरली आणि त्यांच्या बाजूने बोलणारे कुणी उरले नाही. हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळत नाही. आमच्यातल्याही काहींची मुले त्या पिवळ्या गाडीत बसतात.

मार्च २०२० नंतर

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा राज्याने दिली. दीक्षा ॲप आले, व्हॉट्सॲपवर अभ्यासमाला आली, जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. प्रयत्न झाले नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. पण दिवसभर वीज नसणाऱ्या घरात, डिशचे पैसे न भरलेल्या घरात, एकच फोन असलेल्या आणि तोही बाप कामावर नेणाऱ्या घरात हे शिक्षण पोचणार कसे?

'असर' सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेल्या घरांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. लोकांनी कर्ज काढून, शेळी विकून फोन घेतले. तरी फोन असलेल्या घरांतही चारपैकी एका मुलाला तो हाताळायला मिळत नव्हता. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांतल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले फक्त ८ टक्के निघाली, आणि ३७ टक्के मुले अजिबात शिकत नव्हती. ग्रामीण दलित-आदिवासी मुलांत नियमित ऑनलाइन शिकणारी ४ टक्के, इतरांत १५ टक्के. साताऱ्याच्या गोणपाटाची जागा आता मोबाइलच्या रेंजने घेतली होती. वेगळे बसवायला कुणी मास्तर लागला नाही, रिचार्ज संपले की मूल आपोआप वर्गाबाहेर.

आमच्या डोळ्यांसमोर दोन प्रकारच्या शाळा कशा वागल्या? जिल्हा परिषदेचे शिक्षक नाक्यांवर, सर्वेक्षणावर, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत जुंपलेले होते. काहींनी गटावर पीडीएफ टाकून हात झटकले. काहींनी मात्र पारावर, ओसरीवर, समाजमंदिरात चार-पाच मुलांना अंतर ठेवून शिकवले. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ कोरडी का होईना, घरी पोचत राहिली. पुस्तके मिळाली. याच वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. जिल्हा परिषदेचा शिक्षक काय करू शकतो हे जगाला दिसले, आणि तेव्हा गावोगावच्या प्राथमिक शाळांना कुलूप होते!

खासगी शाळा पालकाशी ग्राहक म्हणूनच वागू शकत होत्या, आणि ग्राहकाकडे पैसे नव्हते. फीवाढ करू नका, असा शासन निर्णय मे २०२० मध्ये निघाला आणि न्यायालयात अडकला. ३ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या प्रकरणात १५ टक्के सवलतीचा निकाल दिला. त्यानंतर १२ ऑगस्ट २०२१ ला महाराष्ट्राने १५ टक्के फीकपात जाहीर केली. ज्याची मजुरी पूर्ण बुडाली त्याला १५ टक्क्यांचा काय उपयोग? आणि ज्या शिक्षकांचे पगार त्या शाळांनी थांबवले, त्यांत आपलेच डी.एड., बी.एड. झालेले बेरोजगार तरुण होते, हेही विसरू नका.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वस्तीवर हे कुणाला माहीत नव्हते. तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड याच हिंगोलीच्या पालकमंत्री होत्या. जून २०२१ मध्ये दाखल्याविना प्रवेश देण्याच्या सूचनाही राज्याने दिल्या. तरी तो कागद आणि वस्ती यांत अंतर राहिले. त्या ताईसाठी आम्ही पांढऱ्या कागदावर कलम लिहून अर्ज केला, तेव्हा गावातल्या मुख्याध्यापकांनी मुलाला घेतले. बाकी किती जणांना असा अर्ज लिहून देणारे कुणी भेटले नसेल?

देशभर हेच घडले. 'असर'नुसार ६ ते १४ वयोगटातल्या ग्रामीण मुलांपैकी खासगी शाळांत असलेल्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३२.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये २४.४ टक्क्यांवर आले.

आलेली मुले टिकली का?

प्राथमिकचे वर्ग ग्रामीण भागात १ डिसेंबर २०२१ ला उघडले, जानेवारी २०२२ मध्ये दोन आठवडे पुन्हा बंद झाले आणि मग सुरळीत झाले. आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात चौथीतली एक मुलगी आली. इंग्रजी शाळेतून गावच्या शाळेत परतलेली. एबीसीडी घडाघडा म्हणायची, पण मराठीचा धडा अक्षर लावून वाचत होती आणि इंग्रजीचे वाक्य तिला कळत नव्हते. तिच्या आईने दोन वर्षे पोटाला चिमटा काढून फी भरली होती. अशा मुलांसाठी जास्तीचा शिक्षक, जास्तीचा वर्ग, शिकवण्याची वेगळी तयारी लागत होती. पटावर नाव चढले, पण शाळेत मनुष्यबळ वाढले नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. ग्रामीण भारतात सरकारी शाळांतल्या मुलांचे प्रमाण २०२२ मध्ये ७२.९ टक्के होते, ते २०२४ मध्ये ६६.८ टक्के झाले. हातात पैसा खेळू लागताच लोक परत गेले. म्हणजे कोरोनाने मुले आणून दिली होती, सरकारने ती घालवली. आम्हीही घालवली, कारण त्या दोन वर्षांत शाळा आपल्या हातात घेण्याची संधी होती आणि आपण जयंतीच्या बैठकांत गुंतलो होतो.

दरम्यान सरकारचा मार्ग ठरलेलाच होता. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली, २०२३ मध्ये समूह शाळांची योजना आली. आणि ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियम बदलून सांगितले की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्के राखीव जागा देण्याची गरज नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ही दुरुस्ती रद्द केली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. गरिबाला एका हाताने सांगायचे की तुझ्यासाठी सरकारी शाळा आहे, खासगीकडे पाहू नको. दुसऱ्या हाताने तीच सरकारी शाळा पट कमी म्हणून बंद करायची. याला पालकांची निवड म्हणायचे का? १८५६ च्या धारवाडला सांगितले होते की तुला घेतले तर शाळा ओस पडेल. आज सांगतात की शाळा ओस पडली, म्हणून तुला घेता येत नाही.

आता काय करायचे?

आमची भूमिका स्पष्ट आहे. कोणत्याही पालकाला शाळेवरून दोष देऊ नका. पण सार्वजनिक शाळा सोडून देऊ नका. तीन कारणे आहेत.

एक, हक्क. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. विनाअनुदानित खासगी शाळेला हे कलम लागू नाही. तिथे तुम्ही फी भरणारे, इथे तुम्ही कायद्याने कारभारी. आपल्या किती वस्त्यांत ही समिती खरोखर बसते? बहुतेक ठिकाणी सरपंचाच्या माणसांच्या सह्या घरी जाऊन घेतल्या जातात.

दोन, नोकरी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकभरतीत आरक्षण आहे. शाळा बंद पडते तेव्हा मुलाचा वर्ग आणि आपल्या तरुणाची जागा, दोन्ही एकदम जातात.

तीन, सोबत बसणे. कोणत्याही जातीचे मूल एकाच बाकावर बसावे म्हणून शाहू महाराजांनी हुकूम काढला. फीच्या दराप्रमाणे शाळा वेगळ्या झाल्या की जातीप्रमाणे वर्ग वेगळे होतात. हुकूम मोडायला आता कुणाला विरोधही करावा लागत नाही.

म्हणून येत्या जूनपासून प्रत्येक वस्तीतल्या तरुणांनी चार कामे करावीत. व्यवस्थापन समितीची निवड पालकसभेतच होते की नाही, हे तिथे हजर राहून पाहावे. रिक्त शिक्षकपदांची माहिती माहितीच्या अधिकारात मागवून ती विहारात वाचून दाखवावी. २५ टक्के जागांचे अर्ज वेळेत भरून द्यावेत, कारण तोही आपलाच हक्क आहे. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी दिवाळीआधी शाळेला द्यावी, म्हणजे मूल पटावरून गळणार नाही. इंग्रजी चांगली शिकवण्याची मागणी जिल्हा परिषदेकडे करा. ती मागणी तिथे होत नाही म्हणूनच तिचा बाजार झाला.

त्या ताईचा मुलगा गावच्याच शाळेत शिकला. मागच्या वर्षी तिची धाकटी मुलगी सहा वर्षांची झाली. ती पुन्हा आम्हाला विचारायला आली, "भाऊ, हिला कुठं घालू? गावच्या शाळंत इंग्रजी नीट शिकवतेल का?"

शाळेत तेव्हा चार वर्गांना दोन शिक्षक होते. आम्ही तिला लगेच 'हो' म्हणू शकलो नाही. "थोडं थांब, आधी शाळेत जाऊन बोलतो," एवढेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिच्यासोबत शाळेत गेलो आणि मुख्याध्यापकांना पहिला प्रश्न विचारला, "व्यवस्थापन समितीची बैठक कधी आहे?"

हा प्रश्न तुम्हीही तुमच्या गावात जाऊन विचारा.

जय भीम!